ऑक्टेन अंक, वंगणाचा वर्ग आणि मोटारीचा ‘ॲव्हरेज’ : एक अर्थविचार

१. प्रश्नाची रचना

भंडारा जिल्ह्यात, आणि खरे पाहता सर्व महाराष्ट्रात, मोटारीविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ असा असतो. या प्रश्नाची रचना पाहण्यासारखी आहे. मूळ इंग्रजीत ‘सरासरी’ एवढाच अर्थ असलेला हा शब्द मराठीत ‘एका लिटर इंधनात मोटार कापते ते अंतर’ या अर्थाने स्थिर झाला. सरासरी कशाची, हे सांगणारे पद गळून गेले. शिवाय ‘देणे’ या क्रियापदाचा कर्ता येथे मोटार आहे. वस्तुतः ही राशी म्हणजे रस्ता, वेग, ओझे, चाकांतील हवा, चालकाची सवय, इंधन आणि वंगण या सर्वांचा संयुक्त परिणाम होय. बोलण्यात मात्र तो मोटारीचा जन्मजात गुण होऊन बसतो. आणि गुण वाढवावयाचा तर मोटारीला काहीतरी अधिक ‘चांगले’ पाजले पाहिजे, ही कल्पना ओघानेच येते.

नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ५३, पूर्वीचा क्रमांक ६) भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून जातो. या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या मोटारमालकापुढे दोन निवड असतात. पंपावर साधे पेट्रोल घ्यावे की अधिक ऑक्टेन अंकाचे महाग पेट्रोल. आणि तेल बदलताना ‘पातळ’ तेल घालावे की ‘जाड’. दोन्ही ठिकाणी त्याच्यापुढे असतात ती नावे आणि अंक. त्या नावांचा व अंकांचा नेमका अर्थ काय, आणि तो अर्थ चुकल्यास खिशाला व एंजिनाला काय पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. ऑक्टेन अंक ही एक उपमा

पेट्रोलच्या एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण सिलिंडरात शिरते, दट्ट्या ते दाबतो आणि योग्य क्षणी प्लगची ठिणगी पडते. ठिणगीपासून निघालेली ज्योत मिश्रणातून क्रमाने पुढे सरकावी, अशी अपेक्षा असते. परंतु ज्योत पुढे येत असताना तिच्या समोरचे, अद्याप न जळलेले मिश्रण अधिकाधिक दाबले जाते व तापते. ते ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप पेटले, तर दाबाची लाट उठते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच ठोका किंवा ‘नॉकिंग’ म्हणतात. ठोका फार वेळ चालला तर दट्ट्या आणि त्याची कडी यांना इजा पोचते.

कोणते पेट्रोल ठोक्याला किती विरोध करते, हे मोजण्याचे साधन १९२६ मध्ये अमेरिकेतील ग्रॅहम एडगर यांनी सुचविले. ठोक्याला उत्तम विरोध करणारा आयसो-ऑक्टेन हा द्रव १०० मानावा आणि सहज ठोका देणारा हेप्टेन शून्य मानावा. मग ज्या पेट्रोलची परीक्षा करावयाची, ते या दोहोंच्या कोणत्या मिश्रणासारखे वागते ते पाहावे, ही ती योजना. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका ठोक्याला विरोध करणारे पेट्रोल. त्यात ९१ टक्के ऑक्टेन असतेच असे नाही.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ऑक्टेन अंक हा एका उपमेचा संक्षेप आहे. पंपावरचे पेट्रोल हे उपमेय, प्रयोगशाळेतील मिश्रण हे उपमान, आणि साधारणधर्म एकच : ठोक्याला विरोध. मुखाला चंद्राची उपमा दिली म्हणून मुखावर डाग शोधू नयेत, हे काव्याच्या वाचकाला सांगावे लागत नाही. ऑक्टेन अंकाच्या बाबतीत मात्र ते सांगावे लागते. साधारणधर्माची मर्यादा ओलांडून वाचक त्या अंकात शक्ती, शुद्धता, उष्णता आणि शेवटी किलोमीटरही पाहू लागतो. दर लिटर पेट्रोलमध्ये ऊर्जा किती, हे या अंकात कोठेही सांगितलेले नाही.

अंक ही उपमा असल्यामुळे ती कोणत्या परिस्थितीत दिली, यावर तिचे मूल्य अवलंबून राहते. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या सौम्य चाचणीत मिळतो तो ‘संशोधन अंक’, आणि मिनिटाला ९०० फेऱ्या व पुष्कळ तापविलेले मिश्रण अशा कडक चाचणीत मिळतो तो ‘मोटार अंक’. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू असलेल्या भारत स्टेज ६ मानकात साध्या पेट्रोलसाठी पहिला अंक किमान ९१ आणि दुसरा किमान ८१ ठरविला आहे. आपल्याकडे बोलण्यात येतो तो पहिला. अमेरिकेतील पंपावर या दोहोंची सरासरी लिहितात. म्हणून तेथे राहणाऱ्या आप्ताने ‘आम्ही ८७ चे पेट्रोल भरतो’ असे सांगितले, तर ते आपल्या ९१ पेक्षा हलके समजण्याचे कारण नाही. ९१ व ८१ यांची सरासरी ८६ येते, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच पायरीवर आहेत.

३. अधिक अंकाचा उपयोग कोणास

मग ऑक्टेन अंकाचा मोटारीच्या अंतराशी काहीच संबंध नाही काय? संबंध आहे, परंतु तो एंजिनाच्या मार्फत आहे. मिश्रण जितके अधिक दाबून पेटवावे, तितका त्याच्या उष्णतेतील मोठा वाटा कामी येतो. आदर्श चक्राचे गणित मांडले तर संपीडन गुणोत्तर ८ असताना कार्यक्षमता सुमारे ५६.५ टक्के येते, आणि १० असताना सुमारे ६०.२ टक्के. प्रत्यक्ष एंजिनात हे आकडे पुष्कळ खाली येतात. पण वाढीची दिशा तीच राहते. अधिक दाबाबरोबर ठोक्याचा धोका वाढतो, आणि तो टाळण्यासाठी अधिक ऑक्टेनचे इंधन लागते. एवंच अधिक ऑक्टेन ही परवानगी आहे. ऊर्जेचा पुरवठा नव्हे. परवानगी वापरणारे एंजिन नसेल तर ती कागदावरच राहते.

हाच फरक प्रयोगांत दिसून आला आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनविलेल्या मोटारींना महाग पेट्रोल पाजून पाहिले, तेव्हा काही लक्षणीय लाभ आढळला नाही. ज्या मोटारींना अधिक ऑक्टेनची शिफारस होती, त्यांच्या बाबतीत २०१७ च्या चाचणीत अंतरात सरासरी २.७ टक्के वाढ दिसली. याचे कारण आधुनिक एंजिनातील ठोका ओळखणारे उपकरण. कमी ऑक्टेनचे इंधन आले व ठोका जाणवला की एंजिनाचा नियंत्रक ठिणगीची वेळ मागे घेतो. एंजिन वाचते, पण तेवढी कार्यक्षमता कमी होते. योग्य इंधन आले की गमावलेले परत मिळते. ज्या एंजिनाने काही गमावलेच नव्हते, त्याला परत मिळावयाचे काय?

यावरून खर्चाचा नियम सहज निघतो. समजा, साधे पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि महाग पेट्रोल ११२ रुपये आहे. फरक सुमारे ६.७ टक्के झाला. महाग पेट्रोलने अंतर तितकेच वाढले, तर मालक केवळ बरोबरीत राहील. त्याहून कमी वाढले तर तोटाच. डिझेलच्या मालमोटारींना तर हा अंक मुळीच लागू नाही. तेथे इंधन आपोआप पेटणे हेच इष्ट असते, आणि ते मोजणारा सेटेन अंक ऑक्टेनच्या उलट दिशेचा आहे.

४. गुणवाचक नाव आणि फलवाचक नाव

महाग पेट्रोलच्या नावांकडे पाहिले तर गैरसमजाचे मूळ स्पष्ट होते. हिंदुस्थान पेट्रोलियमने ‘पॉवर’ आणि भारत पेट्रोलियमने ‘स्पीड’ ही नावे योजली. ही नावे फलवाचक आहेत. इंधनाचा गुण न सांगता ती ग्राहकाला हवे असलेले फळ सांगतात. इंडियन ऑइलच्या ‘एक्सपी ९५’ या नावात निदान अंक तरी आहे, पण तो कशाचा हे नावात नाही. व्यापारी नावाने फळ सांगावे यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, ग्राहक ते वर्णन म्हणून वाचतो.

इंधनाच्या इतिहासात नावाने काय झाकले जाऊ शकते, याचे एक गंभीर उदाहरण आहे. टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळून ठोका थांबविला. १९२३ मध्ये ते अमेरिकेत विक्रीस आले, ते ‘इथिल’ या नावाने. संयुगाच्या पूर्ण नावातील ‘शिसे’ हे पद व्यापारी नावात ठेवले नाही. ज्या घटकामुळे पुढे जगभर हवा विषारी झाली, तोच घटक नावातून वगळला गेला होता. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, आणि जगातील शेवटच्या देशात, म्हणजे अल्जीरियात, २०२१ मध्ये.

५. ई-२० : अंक वर, अंतर खाली

ऑक्टेन म्हणजे ऊर्जा नव्हे, या विधानाचा सर्वांत ठळक पुरावा आता प्रत्येक पंपावर उपलब्ध आहे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये २० टक्क्यांचे लक्ष्य गाठले गेले. अशा मिश्रणाला ‘ई-२०’ म्हणतात. इथेनॉल ठोक्याला उत्तम विरोध करते. त्याचा ऑक्टेन अंक १०० च्याही वर आहे. त्यामुळे ई-२० च्या भारतीय मानकात संशोधन अंक किमान ९५ ठेवता आला. पूर्वी जो अंक महाग पेट्रोलची ओळख होता, तो अशा रीतीने साध्या पेट्रोलच्या मानकात उतरला.

परंतु एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. आठ भाग पेट्रोल व दोन भाग इथेनॉल यांचे गणित केले तर मिश्रणात लिटरमागे सुमारे ३० मेगाज्यूल उरतात, म्हणजे सहा-सात टक्के घट. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉलविषयक आराखड्यातही ही घट मान्य केलेली आहे : शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व ई-१० साठी जुळविलेल्या चारचाकींत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळविलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. लिटरला १८ किलोमीटर जाणारी जुनी मोटार सहा टक्के घटीने १६.९ किलोमीटरवर येते. ऑक्टेन वाढला असूनही अंतर घटले. कारण जुन्या एंजिनाला वाढलेल्या ऑक्टेनचा उपयोग करता येत नाही, आणि ऊर्जेची घट मात्र पूर्णपणे सोसावी लागते. नव्या एंजिनात अधिक संपीडन योजून त्यातील काही भाग भरून काढता येतो.

भंडारा जिल्ह्याला या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. हा धानाचा जिल्हा. तुमसरची तांदळाची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. इथेनॉल उसाप्रमाणेच तांदळापासूनही होते. भारतीय अन्न महामंडळाकडील अतिरिक्त तांदूळ त्यासाठी वापरण्यास एप्रिल २०२० मध्ये संमती मिळाली, जुलै २०२३ मध्ये ही विक्री थांबली आणि पुढे पुन्हा सुरू झाली. एकाच घरात धान पिकविणारा आणि मोटार चालविणारा असे दोघेही असू शकतात. पिकाला नवे गिऱ्हाईक मिळणे आणि टाकी लवकर रिकामी होणे, या दोन गोष्टी एकाच धोरणाच्या आहेत. दोन्हींची नोंद स्वच्छ शब्दांत झाली, तरच त्यांची तुलना करता येईल. ‘ऑक्टेन वाढला’ एवढे एकच विधान ही तुलना होऊ देत नाही.

६. ‘जाड’, ‘पातळ’ आणि वंगणाचे वर्ग

‘वंगण’ हा शब्द मराठीत मोटारीच्या फार पूर्वीपासून आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्याला घर्षणाचे शास्त्र ठाऊक नसले, तरी कोरडा आस बैलांना ओढीत नाही, हे ठाऊक होते. मोटारीच्या एंजिनातही काम तेच. परंतु येथे वंगण कमी पडणे हा जसा दोष, तसा वंगण फार दाट असणे हाही दोषच.

द्रवाच्या दाटपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात. फिरत्या भागांमध्ये तेलाचा थर असतो, आणि तो थर सरकविण्यासाठी लागणारे बल श्यानतेबरोबर वाढते. तेल फार दाट असेल, तर एंजिन आपल्या कामाचा एक भाग तेल घुसळण्यातच घालविते. तेल फार पातळ असेल, तर थर तुटतो, धातू धातूला लागतो आणि घर्षण पुन्हा वाढते. शिवाय झीज होते ती निराळीच. या दोन टोकांच्या मध्ये कमीत कमी घर्षणाची जागा असते, आणि ती कोठे आहे हे त्या एंजिनाच्या भागांतील फटींवर व तेलपंपावर अवलंबून असते. म्हणून एका मोटारीस योग्य असलेले तेल दुसरीस अयोग्य ठरते.

तेलाच्या डब्यावरील ‘१०डब्ल्यू-३०’ यासारखी खूण अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे ‘एसएई’ने, १९११ मध्ये आरंभिलेल्या वर्गीकरणातून आली आहे. येथे तीन गैरसमज नेहमी आढळतात. पहिला असा की, हे अंक म्हणजे मापे आहेत. वस्तुतः ती वर्गांची नावे होत. १०० अंश सेल्सिअस तापमानास ज्याची श्यानता ६.९ ते ९.३ एककांच्या दरम्यान आहे ते तेल ‘२०’, ९.३ ते १२.५ मधील ‘३०’, आणि १२.५ ते १६.३ मधील ‘४०’. ‘४०’ हे ‘२०’ च्या दुप्पट दाट नव्हे. शाळेतील दहावीचा वर्ग पाचवीच्या दुप्पट नसतो, तसेच हे आहे.

दुसरा गैरसमज ‘डब्ल्यू’ या अक्षराविषयी. ते वजनाचे चिन्ह नसून इंग्रजीतील हिवाळ्याच्या नावाचे आद्याक्षर आहे. त्यामागील अंक कडाक्याच्या थंडीत एंजिन सुरू होण्याच्या क्षमतेचा वर्ग सांगतो. ‘१०डब्ल्यू’ची ही चाचणी शून्याखाली २५ अंशांस आणि ‘५डब्ल्यू’ची शून्याखाली ३० अंशांस होते. भंडाऱ्यात हिवाळ्याची पहाट शून्याच्या जवळपासही जात नाही आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. तेव्हा हा पहिला अंक येथे निरर्थक आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भंडाऱ्यातील सकाळही एंजिनाच्या शंभर अंशांच्या मानाने थंडच होय, आणि त्या वेळी तेल पुष्कळ दाट असते. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत, एंजिन तापण्यापूर्वीच प्रवास संपतो तेव्हा, या अवस्थेतील घर्षणाचा वाटा मोठा असतो.

तिसरा गैरसमज दोन अंकांच्या जोडणीविषयी. ‘१०डब्ल्यू-३०’ म्हणजे थंडीत १० व उष्णतेत ३०, म्हणून हे तेल तापल्यावर दाट होते, असा अर्थ काही जण लावतात. हा एक द्वंद्वसमास आहे; त्यातील दोन पदे दोन निरनिराळ्या मोजपट्ट्यांवरील आहेत. तापल्यावर हेही तेल पातळच होते. फक्त त्यात मिसळलेल्या दीर्घ रेणूंमुळे साध्या तेलापेक्षा कमी पातळ होते.

अंतरावर याचा परिणाम किती? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मार्गदर्शनानुसार ‘५डब्ल्यू-३०’साठी बनविलेल्या एंजिनात ‘१०डब्ल्यू-३०’ घातल्यास अंतर १ ते २ टक्क्यांनी घटू शकते. परिणाम लहान आहे, पण खरा आहे. ‘उन्हाळा कडक, म्हणून तेल जाड हवे’ हा तर्क मात्र मोटारीला लागू करताना जपून लावला पाहिजे. चालू एंजिनातील तेलाचे तापमान मुख्यतः एंजिनावर व त्याच्या शीतनव्यवस्थेवर अवलंबून असते, आणि निर्मात्याने पुस्तिकेत दिलेला वर्ग बाहेरचे हवामान धरूनच ठरविलेला असतो. झिजलेल्या, तेल खाणाऱ्या जुन्या एंजिनाला एक पायरी दाट तेल कधी उपयोगी पडते. पण तो झिजेवरचा उपाय आहे, अंतर वाढविण्याचा नव्हे. उलट, पातळ तेलाने अंतर वाढते असे ऐकून पुस्तिकेतील वर्गाच्या खाली जाणे हे एंजिनाच्या जिवावर बेतू शकते. दुचाकींच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यांपैकी पुष्कळांचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीचे घर्षण कमी करणारे तेल तेथे घातल्यास क्लच घसरण्याचा संभव असतो.

७. अनुभवाची साक्ष

‘अमुक पेट्रोल भरले आणि ॲव्हरेज दोनने वाढला’ ही साक्ष प्रामाणिक असते. पण तिचे प्रामाण्य तपासावे लागते. टाकी काठोकाठ भरावी, मोटार चालवावी, पुन्हा काठोकाठ भरावी आणि अंतराला लिटरांनी भागावे, ही रूढ पद्धत. पंपाची नळी आपोआप बंद होण्याचा क्षण थोडा पुढेमागे झाला आणि तीस लिटरांत अर्ध्या लिटरचा फरक पडला, तर एवढ्यानेच उत्तर सुमारे १.७ टक्क्यांनी हलते. वंगणाचा सगळा परिणाम एवढाच असतो. त्यात वाऱ्याची दिशा, वातानुकूलन, चाकांतील हवा आणि महाग पेट्रोल भरल्यावर आपोआप सौम्य होणारे चालकाचे वर्तन मिळविले, म्हणजे एका टाकीवरून काढलेला निष्कर्ष किती तकलादू आहे, हे ध्यानात येते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था मोटार रुळांवर, ठरीव वेगक्रमाने चालवून चाचणी घेतात, त्याचे कारण हेच. सामान्य मालकाला ते शक्य नाही. पण सहा-आठ टाक्यांची लेखी नोंद ठेवून एकूण अंतराला एकूण लिटरांनी भागणे शक्य आहे. ‘ॲव्हरेज’ या शब्दातील हरवलेली सरासरी त्यामुळे परत येते.

८. तात्पर्य

वरील विवेचनातून व्यवहाराचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेन अंकाचे इंधन वापरावे. अधिक अंकाला दिलेला पैसा साध्या एंजिनात परत येत नाही. पुस्तिकेत सांगितलेल्या वर्गाचेच वंगण घालावे. जाड तेल थोडे इंधन खाते, आणि अनुचित पातळ तेल एंजिन खाते. ई-२० ने जुन्या मोटारीचे अंतर घटले, तर तो मोटारीचा किंवा चालकाचा दोष समजू नये, आणि महाग वंगण घालून ती घट भरून येईल अशी आशाही धरू नये.

भाषेच्या अभ्यासकांच्या दृष्टीने निष्कर्ष निराळा आहे. ऑक्टेन अंक हे विरोधाचे माप आहे, तेलाचा अंक हे वर्गाचे नाव आहे, आणि ‘ॲव्हरेज’ ही अनेक कारणांची सरासरी आहे. तिन्ही शब्द मराठीत आले ते त्यांची व्याख्या मागे ठेवून. परिभाषा म्हटली की आपल्याकडे वाद होतो तो संस्कृत शब्द घ्यावा की इंग्रजी, याचा. ‘ऑक्टेन’ या शब्दाने मराठीचे काही बिघडत नाही. पण त्याच्याजवळ पंपावरील पाटीवर ‘ठोकारोधक अंक’ एवढे दोन शब्द असते, तर तो कशाचा अंक आहे हे साकोलीच्या मालकाला विचारावे लागले नसते. शब्द कोणत्या भाषेतून आला, याहून तो गुण सांगतो की फळाचे आमिष दाखवितो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि त्याचे उत्तर ग्राहकाला दर टाकीमागे मोजावे लागते.